आज काय आलं?

तार षड्जावर, म्हणजे वरच्या 'सा'वर, माझा आवाज फाटला तेव्हा तालमीच्या खोलीत पंधरा-सोळा माणसं होती. सगळ्यांच्या माना एकदम खाली गेल्या. ऑर्गनवर बसलेल्या आबांचे पाय थांबले. तबलजींनी हातोडी उचलून उगाचच एका गठ्ठ्यावर ठोकली. मी सतरा वर्षांची होते, अकरावीत शिकत होते, आणि सांगलीतल्या त्या हौशी मंडळींच्या 'संगीत सौभद्र'मध्ये मला फक्त नांदीच्या समूहात उभं राहायचं होतं. नायिकेची, म्हणजे सुभद्रेची, भूमिका करणारी ताई लग्न होऊन परगावी गेली होती. दिग्दर्शक काका सहज म्हणाले, "तू म्हणून बघ गं ते पद," म्हणून मी म्हटलं होतं.

कोपऱ्यातल्या खुर्चीत बाई बसल्या होत्या. फिरत्या नाटक कंपन्यांमधून पंचवीस वर्षं गावोगाव हिंडलेल्या, आता अडुसष्टीला आलेल्या. आमची पदं बसवायला त्या यायच्या. त्यांनी विचारलं, "'शरण' म्हटल्यावर थांबलीस का?"

"चुकलं, बाई."

"चुकलं का, ते मी विचारलं नाही. थांबलीस का?"

मला आठवावं लागलं. 'वद जाऊं कुणाला शरण' हे पद सुभद्रा तिच्या सखीला, कुसुमावतीला उद्देशून म्हणते. 'वद' म्हणजे सांग. मी म्हटलं, "तिनं मैत्रिणीला विचारलंय ना. मग उत्तर येतंय का, ते बघायला थांबले."

बाई दिग्दर्शकांकडे वळून म्हणाल्या, "हिला सुभद्रा द्या. आवाजाचं मी बघते."

त्या वाक्याचं मोल कळायला आधीची सहा वर्षं सांगायला हवीत. मी शास्त्रीय गाणं शिकत होते, परीक्षा देत होते, मार्कही बरे पडत होते. पण तिथल्या गुरुजींनी एकदा सगळ्या वर्गासमोर सांगितलं होतं की हिचा आवाज बारीक आहे, घरात गायला ठीक आहे, बाहेर काही चालायचा नाही. त्यांनी ते रागानं म्हटलं नव्हतं. वह्या आवरता आवरता म्हणून गेले. पण त्यानंतर वर जाणारी प्रत्येक जागा मी भीत भीत घ्यायला लागले, आणि भीत घेतलेला सूर बारीकच लागतो. म्हणजे गुरुजी म्हणाले होते ते मी स्वतःच रोज खरं करून दाखवत होते. बाईंनी मात्र मी न कळत केलेली एक गोष्ट हेरली आणि मला तिचं कारण विचारलं. माझ्या गाण्यात विचारण्याजोगं काही असू शकतं, हे मला तोवर माहीतच नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून मी पहाटे साडेसहाला गावभागातल्या त्यांच्या घरी जायला लागले. पहिले सहा आठवडे पद नावापुरतंच. खर्ज म्हणजे अगदी खालचे सूर, आकार, आणि मग गद्य. हो, गद्यसुद्धा सुरात. संगीत नाटकातली अवघड जागा पदात नसते, पदाच्या उंबरठ्यावर असते, असं त्या म्हणायच्या. बोलत असलेलं माणूस अचानक गायला लागतं, हे लोकांना खटकता कामा नये. त्यासाठी संवादाचं शेवटचं वाक्य बोलता बोलताच हळूहळू षड्जाजवळ आणून ठेवायचं. ऑर्गनवाला त्याच वेळी खालून बारीक सूर देतो. शेवटचा शब्द आणि पदाचा पहिला शब्द यांच्यात जेमतेम एक श्वास उरतो. या एका श्वासासाठी आम्ही किती सकाळी घालवल्या याची गणती नाही. मी वाक्य नीट बोलायचे, मग पवित्रा घ्यायचे, मान उचलायचे आणि गायला लागायचे. बाई हात वर करायच्या. "आता गाणार आहेस हे तुझ्या मानेनं सांगितलं. मान राहू दे तिथेच."

आणि शिकवणी संपली की रोज एकच प्रश्न. "आज काय आलं?"

हा प्रश्न ऐकायला साधा वाटतो. मला तो पहिले आठ दिवस जमला नाही. मला काय आलं नाही, ते मी धडाधड सांगू शकत होते: निषाद चढा लागला, मात्रा चुकली, 'संकटाचें' म्हणताना श्वास संपला. बाई ते ऐकून घ्यायच्याच नाहीत. "ते मला ठाऊक आहे. मी इथेच बसले होते. आलं काय ते सांग." मी गप्प. त्याही गप्प. दाराशी दूधवाला येऊन जायचा, बाहेर सायकली वाजायच्या, तरी बाई घाई करायच्या नाहीत. शेवटी म्हणायच्या, "बरं, उद्या सांग."

नवव्या दिवशी मी म्हटलं, "त्या दुसऱ्या ओळीत 'अ'कारावर गळा मोकळा वाटला."

"कुठे वाटला?"

मी छातीच्या वरच्या हाडावर हात ठेवला.

"उद्या तिथूनच सुरू करू."

आणि दुसऱ्या दिवशी खरोखरच तिथून सुरुवात केली. त्या एका मोकळ्या 'अ'काराच्या बोटाला धरून आम्ही 'ए'कारावर गेलो, मग 'ऊ'कारावर. आदल्या दिवशी जे आपलं झालं त्याच्यावर पाय ठेवून पुढचं पाऊल टाकायचं, अशी त्यांची चाल होती. चुका त्या सोडायच्या असं कुणी समजू नये. काय आलं ते सांगून झालं की चुकांचा हिशेब व्हायचा, तोही करकरीत. पण एका दिवशी दोनच. तिसरी कितीही मोठी असली तरी उद्यावर. "तीन गोष्टी घेऊन माणूस स्टेजवर जाऊ शकत नाही," हे त्यांचं कारण. मी आजवर अनेकांकडे शिकले, पण चुकांना अशी मर्यादा घालणारं दुसरं कुणी भेटलं नाही.

पट्टीवरून, म्हणजे 'सा' किती उंच धरायचा यावरून, मात्र वाद झाला. आधीची सुभद्रा काळी पाचमध्ये गायची. आबांच्या बोटांना ती पट्टी सरावाची होती. बाईंनी मला त्याहून खालच्या काळी चारमध्ये गायला लावलं. आबांना ते पटेना. "पट्टी उतरवली की पद बसतं, बाई. चढी पट्टी म्हणजे नाटकाचा दिमाख." बाई म्हणाल्या, "पद बसू दे, आबा. पोरगी उभी राहील." पुढचे चार दिवस आबा माझ्याशी मोजकंच बोलले. पाचव्या दिवशी मी अंतऱ्यात एका जागी जरा रेंगाळले, तेव्हा त्यांनी ऑर्गनवर माझ्यामागे तीच जागा अलगद घेतली आणि एकदा वर बघितलं. आबांचं उत्तेजन एवढंच. पण ते मला अजून आठवतं.

पट्टीचा प्रश्न वाटतो तेवढा लहान नाही. 1882 साली अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'सौभद्र' रंगभूमीवर आलं तेव्हा सुभद्रा पुरुष करत होते. भाऊराव कोल्हटकर, पुढे बालगंधर्व, यांच्या गळ्यांवर ही पदं रुळली. मूळ संहितेत शंभरावर पदं आहेत. जुन्या छापील प्रतीत प्रत्येक पदाच्या डोक्यावर चाल दिलेली असते, आणि रात्र रात्र नाटक चालायचं त्या काळी ती सगळी म्हटली जायची. आम्ही त्यातली निवडक घेतली होती. बाई म्हणायच्या की या सुभद्रेची वेशभूषा, चाल, गाणं हे सगळं आधी पुरुषांनी ठरवलं आणि आपण बायका मागाहून आलो. मग आपल्या गळ्याला सोयीचं ते आपण मागून घ्यायला लाजायचं कशाला? हे बोलताना त्यांच्या स्वरात तक्रार नसायची. बालगंधर्वांच्या गाण्यात शब्द कसा अखंड राहतो, हे त्याच आम्हाला रेकॉर्ड लावून पुन्हा पुन्हा ऐकवायच्या. तान घ्यायला हरकत नाही, पण तान घेताना सुभद्रा हरवली तर ती तान मैफलीत नेऊन ठेव, असं त्यांचं सांगणं होतं.

आमच्यातल्या कुसुमावतीबद्दल लिहायलाच हवं. ती माझ्याच वयाची, गळ्यानं माझ्याहून तयार, पण सुभद्रा मला मिळाल्यानं दुखावलेली. बाईंचा तो रोजचा प्रश्न तिला छळ वाटायचा. विचारलं की ती रडकुंडीला यायची. एकदा म्हणाली, "मला सरळ सांगा ना काय करायचं ते, मी करते." बाईंनी तिला पुन्हा कधी विचारलं नाही. तिच्यासोबत त्या नुसतं गायच्या, एकेक ओळ, दहा-दहा वेळा. मी आजही शिकवताना हे विसरत नाही, कारण एकदा विसरले होते. सुट्टीच्या शिबिरात तेरा-चौदा वर्षांचा एक मुलगा आला होता, आवाज फुटायच्या ऐन काळातला. मी उत्साहानं त्याला रोज "आज काय आलं?" विचारायला लागले. बिचाऱ्याच्या गळ्यात काल होतं ते आज राहत नव्हतं, आणि मी त्याला आलेलं मोजायला लावत होते. पाचव्या दिवशी तो आलाच नाही. त्याच्या घरी जाऊन मी सांगितलं की हा गळ्याचा ऋतू आहे, तो जाईपर्यंत हलक्या पट्टीत थोडंच गा, आणि गाणं नको वाटलं तर तबल्याजवळ येऊन बस. तो आला. तबल्याजवळ बसायला आला.

बाई एकदा माझ्याशी खोटं बोलल्या, तेही सांगते. तालीम बघायला माझे वडील आले होते. नाटकात जाऊ द्यायचं की नाही, हे त्यांचं अजून ठरत नव्हतं. त्या दिवशी माझं काहीच लागलं नाही. पदात शब्द विसरले, सम चुकले. तालीम संपल्यावर बाई मोठ्यांदा म्हणाल्या, "छान! फार छान झालं आज." वडील खूश होऊन घरी गेले. मी मात्र थिजले. चार महिन्यांत बाईंनी मला 'छान' हा शब्द कधी म्हटला नव्हता, आणि म्हटला तो या दिवशी. दुसऱ्या दिवशी पहाटे मी दारातच विचारलं, "काल छान का म्हणालात?"

"तुझ्या वडिलांना म्हणाले."

"पण माझं वाईट झालं होतं."

"तुला कळलं ना? मग बस खाली."

त्यावर मी पुष्कळ विचार केला आहे. खोट्या कौतुकानं मुलं बिघडतात असं म्हणतात, आणि ते खरंही असेल. पण बाईंनी तोवर माझ्यात एवढं काही घडवलं होतं की खोटं कौतुक मला चिकटलंच नाही. माझं मला ऐकू यायला लागलं होतं.

आमचं नाटक राज्य संगीत नाट्य स्पर्धेत उतरणार होतं. स्पर्धेच्या केंद्रावर जायला आम्ही टेम्पोनं निघालो, मागे पडद्यांचे गठ्ठे आणि ऑर्गन, पुढे आम्ही दाटीवाटीनं. मिरज ओलांडताना बाईंनी खिडकीबाहेर बोट केलं आणि मला सांगितलं की नारायणराव राजहंसांच्या, म्हणजे बालगंधर्वांच्या, कानाचं दुखणं होतं, शाहू महाराजांनी उपचारासाठी त्यांना मिरजेला पाठवलं होतं. इथेच 1905 साली ते किर्लोस्कर मंडळीत शकुंतला म्हणून पहिल्यांदा उभे राहिले. "वय किती असेल?" त्यांनी विचारलं. 1888 चा जन्म. मी मनात वजाबाकी केली. सतरा. बाई पुढे काही बोलल्या नाहीत. सीटला डोकं टेकवून डोळे मिटून बसल्या. त्यांच्याशी माझी बरोबरी करायचा त्यांचा हेतू अजिबात नव्हता, ते मला तेव्हाही कळलं होतं. सतराव्या वर्षी कुणालातरी कुणीतरी आधार देऊन उभं केलेलं असतं, आणि त्यावर नाटकाचं पुढचं सगळं उभं राहतं, एवढंच त्यांना म्हणायचं असावं. मी पुढे इतर नाटकांत वसंतसेना केली, रुक्मिणी केली, पण कुठल्याही प्रयोगाला निघताना तो टेम्पो आणि ती वजाबाकी मनात येते.

संध्याकाळी रंगपटात मला नऊवारी नेसवली, गंगावन लावलं. कमरपट्टा इतका आवळला की श्वास पोटात उतरेना. बाईंनी येऊन तो स्वतः दोन बोटं सैल केला. रंगभूषाकार म्हणाले, "निसटेल." बाई म्हणाल्या, "निसटू दे. दमसास महत्त्वाचा." मग नटराजाची पूजा झाली, नारळ फुटला. तिसरी घंटा झाली आणि नांदी सुरू झाली. ज्या समूहात मला उभं राहायचं होतं तो समूह मी विंगेतून बघत होते.

ते पद आलं तेव्हा सगळं व्यवस्थित होतं. संवादाचं शेवटचं वाक्य मी सुराजवळ आणलं, आबांनी खालून सूर दिला, आणि मान न उचलता मी पदात शिरले. पहिल्या ओळीत 'शरण'वर थांबले. समोर अंधार होता, पण लोक थांबले आहेत हे अंगाला कळत होतं. मग अंतरा, आणि तार षड्जाकडे जाणारी ती वाट. अगदी त्याच क्षणी मला तालमीच्या खोलीतल्या त्या खाली गेलेल्या माना दिसल्या. हात गार पडले. बाईंनी शिकवलं होतं की अशा वेळी प्रेक्षकांकडे बघायचं नाही, विंगेतही बघायचं नाही, ज्याला पद म्हणतोयस त्याच्याकडे बघायचं. मी कुसुमावतीकडे वळले. तालमीत ती या जागी हात जोडून बाजूला उभी असायची, तसंच बसवलं होतं. ती एक पाऊल पुढे आली आणि तिनं माझा हात धरला.

मी सूर घेतला. तो बारीकच होता. पण तो माझा बारीक सूर होता, फाटला नाही, हलला नाही, आणि मला हवा तितका वेळ तिथे राहिला. तबलजींनी ठेका अगदी हलका केला. मी समेवर आले तेव्हा टाळी पडली नाही. आधी शांतता होती, मग टाळी.

वन्समोअर आला नाही. तो यावा असं मला वाटलंही नाही, कारण ती सखी हात सोडून देईल आणि पुन्हा धरेल, हे मला सहन झालं नसतं.

पडदा पडल्यावर रंगपटात गर्दी झाली. कुणी चहा आणला, कुणी दागिने मोजून पेटीत टाकत होतं. मी आरशासमोर स्टुलावर बसले. बाई माझ्यामागे उभ्या राहिल्या आणि गंगावनाचे आकडे काढायला लागल्या.

"आज काय आलं?"

"हिनं हात धरला," मी म्हटलं.

बाईंचे हात थांबले. शेजारच्या आरशात कुसुमावती कापसानं रंग पुसत होती. बाई तिच्याकडे वळल्या. कितीतरी महिन्यांनी त्यांनी तिला तो प्रश्न विचारला, अगदी हळू, जणू ती नाही म्हणाली तरी चालेल.

ती थोडा वेळ आरशातच बघत राहिली. मग म्हणाली, "हिचे हात गार पडलेले दिसले मला. बोटं वळत नव्हती. मला वाटलं, धरावा."

बाई "हं" म्हणाल्या, आणि पुन्हा माझ्या केसांतले आकडे काढायला लागल्या, एकेक करून, मला दुखणार नाही अशा बेतानं.